झाडाचं ट्रान्सपोर्टेशन : लांब इंग्रजी शब्द नेमका कुठे कापायचा?

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. शाळा मराठी माध्यमाची, पण प्रत्येक इयत्तेत एक तुकडी सेमी-इंग्रजीची आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. हुशार मुलं सेमीला जातात असा गावात समज असल्यामुळे जूनमध्ये त्या तुकडीसाठी पालकांची रांग लागते, आणि ऑगस्टमध्ये त्यातल्या निम्म्यांच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह असतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे नववीत आलेल्या मुलाने आठ वर्षं इंग्रजीचं पुस्तक हाताळलेलं असतं. पण ते पुस्तक गोष्टींचं, कवितांचं, संवादांचं. त्यातले शब्द बहुतेक एका-दोन दमात संपणारे. विज्ञानाचं पुस्तक उघडलं की एकदम चौदा-चौदा अक्षरांचे शब्द अंगावर येतात. ते वाचायचे कसे, हे शिकवणं कोणाचं काम? विज्ञानाच्या सरांना वाटतं इंग्रजीचं. मला इतकी वर्षं वाटत होतं, शब्द त्यांच्या पुस्तकातले, तर त्यांचं.

नववीतल्या ज्या मुलीची ही हकीगत आहे तिला वर्गात सगळे 'माई' म्हणायचे. घरी धाकटी भावंडं तिच्या गळ्यात, त्यामुळे वागणंच तसं पोक्त. इथेही तिला माईच म्हणते. ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. माईचं मराठी वाचन खणखणीत. परिपाठात बातम्या तीच वाचायची आणि 'राष्ट्राध्यक्षांच्या शिष्टमंडळाने' असल्या शब्दांवर तिची जीभ कधी अडखळली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे याच गोष्टीने मला आधी चुकवलं आणि मग वाट दाखवली.

(इंग्रजी शब्द इथे देवनागरीतच लिहिते आहे. स्पेलिंग वाचकांनी डोळ्यांसमोर आणावं, म्हणजे कापाकापी नीट दिसेल.)

अडचण कशी लक्षात आली

जानेवारीत घटक चाचणी झाली. विज्ञानाच्या सरांनी स्टाफरूममध्ये माईचा पेपर माझ्यापुढे टाकला. "मॅडम, हे बघा. पाठांतर करते, पण प्रश्न वाचत नाही."

प्रश्न होता 'ट्रान्सपिरेशन पुल' म्हणजे काय ते स्पष्ट करा. माईने अर्धं पान भरून वनस्पतींमधल्या ट्रान्सपोर्टेशनबद्दल लिहिलं होतं. मुळं पाणी शोषतात, जलवाहिन्यांतून ते वर जातं, खनिजं कुठून कुठे पोचतात. वाक्यं शुद्ध, अक्षर सुरेख आणि गुण शून्य. विचारलं होतं बाष्पोच्छ्वासाबद्दल, तिने लिहिलं परिवहनाबद्दल. गंमत म्हणजे हे दोन्ही विषय एकाच धड्यात, एकमेकांना लागून आहेत, म्हणून तिचं उत्तर अगदीच भलतीकडे गेलेलं नव्हतं. त्यामुळेच खरी चूक इतके दिवस कोणाला दिसली नव्हती.

मी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि तोच परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितला. 'ट्रान्सपिरेशन' आल्यावर तिने "ट्रान्स…" म्हटलं, नजर झर्रकन शब्दाच्या शेपटीवर गेली, आणि ती ठामपणे म्हणाली, "ट्रान्सपोर्टेशन." मागच्या बाकावर डबा खाणारा एक जण फिस्सकन हसला, "झाडाचं ट्रान्सपोर्टेशन, टेम्पोतून!"

मग मी त्याच पुस्तकातले आणखी शब्द दाखवले. सगळीकडे तेच. सुरुवातीची तीन-चार अक्षरं, शेवटचं 'शन', आणि मधल्या जागेत ओळखीचा एखादा शब्द बसवून द्यायचा. मधलं तिला दिसतच नव्हतं. पण 'फोटोसिंथेसिस' मात्र तिने धडधडीत वाचला. मी पुस्तक हातात घेऊन पाहिलं तर त्या शब्दावर शिसपेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरांत, देवनागरीत लिहिलेलं: फोटोसिंथेसिस. पानापानावर असे शब्द होते. मामेबहिणीने लिहून दिले होते, ती अकरावीला सायन्सला. ट्रान्सपिरेशनच्या वेळी मामेबहीण तिच्या गावी परतली होती.

दुसरी गोष्ट दोन दिवसांनी कळली. मी सांगितलं, "अंदाज नको करूस. शब्द तोडून वाच." तिने 'फर्मेंटेशन' हा शब्द वहीत तोडून आणला: फ-र्मे-न्टे-शन. वाचायला गेली आणि 'र्मे'वर जीभ अडकली. साहजिकच होतं. 'र्मे'ने सुरुवात करून बघा.

तिने काही वेडंवाकडं केलं नव्हतं. पहिलीपासून आपण मुलांना शब्द असेच फोडायला शिकवतो. 'पुस्तक' या शब्दात अक्षरं किती? तीन: पु-स्त-क. जोडाक्षर तोडायचं नाही, ते पुढच्या स्वराबरोबर जातं. ही आपल्या लिपीची फोड आहे. तोंडाची फोड निराळी असते: पुस्-तक, दोनच. मराठी वाचताना हा फरक कुणाला जाणवत नाही, कारण लिपी आणि जीभ आपसांत जुळवून घेतात. इंग्रजीत मात्र तीच सवय फ-र्मे-न्टे-शनवर आणून सोडते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, चाललंय ते चालू ठेवायचं. प्रत्येक लांब शब्दावर देवनागरी लिहून घ्यायची. परीक्षेपुरतं काम भागतं. पण प्रश्नपत्रिकेवर कोणी लिहून देणार नाही, आणि दहावीच्या पुस्तकात शब्द आणखी लांब.

दुसरा, टाळ्या. इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणात हे हमखास दाखवतात: शब्द म्हणा, ठोक्यागणिक टाळी वाजवा. खालच्या वर्गात मजा येते. पण टाळ्या वाजवायला शब्द आधी म्हणता यायला हवा, आणि माईची अडचणच ती होती. हा पर्याय मी दोन मिनिटांत सोडला.

तिसरा, फोड करण्याचे नियम. खंडांचे (म्हणजे उच्चाराच्या एकेका ठोक्याचे) सहा प्रकार, दोन व्यंजनांमधून कापा, एकच व्यंजन असेल तर त्याच्या आधी कापा, वगैरे. नियम पाठ करणं आमच्या मुलांच्या हाताचा मळ, म्हणून मला हा मार्ग सोपा वाटत होता. पण हे नियम दिसतात तितके पक्के नाहीत. डेव्हिन कर्न्स या अमेरिकी संशोधकाने २०२० मध्ये शालेय पुस्तकांतल्या हजारो शब्दांवर ते ताडून पाहिले. दोन स्वरांच्या मध्ये दोन व्यंजनं असली तर त्यांच्यामधून कापण्याचा नियम बऱ्यापैकी टिकला. एकच व्यंजन असलं तर मात्र नियमाचा भरवसा राहिला नाही, आणि शब्द लांबले तसा तो आणखी ढासळला. यासाठी संशोधन वाचायचीही गरज नाही. 'मोटर' आणि 'मॉडेल' हे दोन शब्द घ्या. ठेवण तीच: एम, ओ, एक व्यंजन, मग स्वर. एक कापला जातो मो-टर, दुसरा मॉड्-एल. स्पेलिंगकडे बघून कोणी सांगावं कुठला कसा?

चौथा, शब्दाचे अर्थाचे तुकडे पाडणं. आधी उपसर्ग, मग शेवटचा प्रत्यय, मध्ये उरेल ते मूळ. विज्ञानाचे बहुतेक शब्द ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे असल्यामुळे थोड्या तुकड्यांत पुष्कळ शब्द हाती लागतात. यातला धोका असा की शाळेत हे कोणी शिकवत नाही, म्हणून तुकड्यांची यादी आपणच बसून करावी लागते.

पाचवा पर्याय एका सहकाऱ्याने सुचवला: अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. दहावीला प्रमाणपत्र असलं तर जादा वेळ वगैरे सवलती मिळतात. मी म्हटलं, मराठी इतकं घडाघडा वाचणाऱ्या मुलीला कसली अक्षमता? हा विषय मी तिथेच बंद केला. त्याबद्दल पुढे लिहिते.

काय केलं, आणि कुठे चुकलं

सुरुवात मी चुकीने केली. चौथा पर्याय निवडला खरा, पण त्याआधी माईला खोडरबर देऊन पुस्तकातली सगळी देवनागरी पुसायला लावली. मनात होतं, कुबड्या काढल्याशिवाय चालणार कशी? झालं असं की पंधरा दिवस ती वर्गात वाचायला उभीच राहिली नाही. हात वर करणं बंद, विज्ञानाच्या तासाला मान खाली. ज्या शब्दांवर तिची पकड होती तेही मी काढून घेतले होते आणि त्या बदल्यात अजून काहीच दिलं नव्हतं. फेब्रुवारी लागला तेव्हा मी म्हटलं, "पेन्सिल घे. हवं तिथे लिही. फक्त एक अट, सलग लिहायचं नाही. तुकडे पाडून लिहायचं, आणि जिथे तुकडा व्यंजनावर संपतो तिथे पाय मोडायचा." फर्-मेन्-टे-शन्. पाय मोडलेलं अक्षर हे मराठी मुलाच्या हातातलं हत्यार आहे. ते मी इतकी वर्षं इंग्रजीच्या तासाला बाहेर ठेवलं होतं.

खरं काम झालं ते पट्ट्यांवर. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या आणि एकेका पट्टीवर एकेक शब्द स्केचपेनने लिहिला. शाळा भरायच्या आधी वीस मिनिटं आम्ही दोघी ग्रंथालयाच्या टेबलावर बसायचो. पहिल्या दिवशी दोनच पट्ट्या: ट्रान्सपोर्टेशन आणि ट्रान्सपिरेशन, एकीखाली एक.

"कात्री घे. दोन्हीत सारखं आहे ते कापून बाजूला ठेव."

तिने दोन्हींची सुरुवात कापली: ट्रान्स, ट्रान्स. मग दोन्हींचा शेवट: एशन, एशन. टेबलावर उरले दोन इवलेसे तुकडे, पोर्ट आणि पिर. तिने ते जवळ घेतले आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढाच फरक होय?"

पोर्ट म्हणजे वाहून नेणं. इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, पोर्टेबल. हे तिला लगेच पटलं, कारण गावातल्या मोबाइलच्या दुकानावर 'पोर्ट करून मिळेल' अशी पाटी आहे. पिरचं काय? मी तिसरी पट्टी दिली: रेस्पिरेशन. तिने री, मग स्पिर, मग एशन असे तुकडे केले आणि स्पिरच्या खाली पिर ठेवून म्हणाली, "मॅडम, इथला एस कुठे गेला?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. लॅटिनमध्ये 'स्पिर' म्हणजे श्वास, आणि ट्रान्स म्हणजे पलीकडे, आरपार. ट्रान्सच्या शेवटी एस, स्पिरच्या सुरुवातीला एस. दोन जवळ आले आणि एकच उरला. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि खिडकीतून शाळेच्या कमानीवरची पाटी दिसली. म्हटलं, "'विद्यालय' फोड बघू." ती म्हणाली, "विद्या अधिक आलय." "मग दोन 'आ' होते, एक कुठे गेला?" ती हसली. "संधी झाली."

मग मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: बाष्पोच्छ्वास. सेमीच्या मुलांना हा शब्द पुस्तकात भेटत नाही, पण माईने तो एका दमात वाचला, न अडखळता. फोड विचारली तर बाष्प अधिक उच्छ्वास. उच्छ्वास म्हणजे? उत् अधिक श्वास. म्हणजे मराठीतल्या शब्दात श्वास आहे, आणि इंग्रजीतल्या शब्दातही श्वासच आहे, फक्त एक एस गमावून बसलेला. पुढच्या घटक चाचणीत ट्रान्सपिरेशन आणि ट्रान्सपोर्टेशन यांची गल्लत होणार नाही, याची मला त्या क्षणी खात्री वाटली. तिला उच्चार यायच्या आधी फरक कळला होता.

त्यानंतर यादी वाढत गेली. मी आणि विज्ञानाच्या सरांनी बसून नववीच्या पुस्तकातून वारंवार येणारे तुकडे काढले. पहिल्या आठवड्याला दहाच घेतले: फोटो, बायो, हायड्रो, थर्मो, ऑटो, ट्रोफ, मायक्रो, ट्राय, ट्रान्स, एशन. 'ट्राय'वर ती स्वतःच म्हणाली, "त्रि." त्रिकोण आणि ट्रायअँगल. संख्यांचे उपसर्ग मराठी मुलाला जवळजवळ फुकटात मिळतात. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच कुळातल्या बहिणी, ते इथे कामी येतं.

मग आला अतिरेकाचा काळ. कात्री हातात आली की सगळंच कापावंसं वाटतं. माईने 'रेप्टाइल' कापला, री-प्टाइल, आणि विचारलं, "प्टाइल म्हणजे काय?" एके दिवशी तिने 'अंकल' कापून आणला: अन् आणि क्ल. 'अनहॅपी'त अन् आहे तर इथे का नाही? बरोबरच आहे की. मी म्हटलं, "अननस कसा फोडशील? अन् अधिक नस?" ती खो खो हसली आणि मग आमचा एक कायदा ठरला. तुकडा काढल्यावर जे उरतं ते दुसरीकडे कुठे भेटतं का, हे बघायचं. हॅपी भेटतो. क्ल कुठेच भेटत नाही. मग तो शब्द कापायचा नाही.

अर्थाचे तुकडे संपले की आतला उच्चार उरतोच. पॅरेललोग्राममधला 'ग्राम' सुटला, पण 'पॅरेलल' स्वतःच तीन ठोक्यांचा. इथे मराठीच्या सरांनी नकळत मदत केली. त्याच महिन्यात त्यांनी लघु-गुरू पाडायला शिकवलं होतं. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, कारण जोडाक्षराच्या पहिल्या व्यंजनाचा भार मागच्या स्वरावर पडतो. 'पुस्तक'मधला पु ऱ्हस्व असून गुरू. का? तर तोंडात तो पु नसतो, पुस् असतो. मी माईला एवढंच सांगितलं, "इंग्रजी शब्द कापताना अक्षरं मोजू नकोस. लघु-गुरू पाडतेस तसा भार बघ." फि-ल्टर नाही, फिल्-टर. फ-र्मेनही नाही, फर्-मेन्. एक अपवाद मात्र आधीच सांगावा लागला: टी-एच, एस-एच, पी-एच, सी-एच या जोड्या कापायच्या नाहीत, नाहीतर 'फादर'चा फॅट-हर होतो.

स्पेलिंगसाठी 'टूगेदर'चं टू-गेट-हर करणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि पाठांतराला ते उत्तम आहे. वाचायला मात्र ती फोड घातक. एकाच शब्दाच्या दोन कामांसाठी दोन फोडी असू शकतात, हे मुलांना सांगून टाकावं.

या लघु-गुरूच्या भानगडीत मला एक जुनी गोष्ट आठवली. अमेरिकेत १७८३ साली नोहा वेब्स्टरने मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं. त्याआधी तिथे इंग्लंडच्या थॉमस डिलवर्थचं पुस्तक चाले आणि त्यात 'क्लस्टर' कापलेला असे क्ल-स्टर, म्हणजे थेट आपल्या जोडाक्षरासारखा. वेब्स्टरने तो कापला क्लस्-टर, कारण तोंड तसं म्हणतं. डिलवर्थ 'नेशन'मधल्या शेपटीचेही दोन खंड करी, टी-आय वेगळे आणि ओ-एन वेगळे. वेब्स्टरने तिथे एकच 'शन' ठेवला. माईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझं चुकलं ते साहेबांचंही चुकलं होतं." त्या दिवशी ती परत वर्गात वाचायला उभी राहिली. उपचार म्हणून मी ही गोष्ट सांगितली नव्हती, पण तिचा असर पट्ट्यांपेक्षा जास्त झाला असावा.

राहिला मोटर-मॉडेलचा घोळ. तिथे नियम सांगितलाच नाही. दोन्ही तऱ्हा म्हणून बघ आणि जी ओळखीची वाटेल ती धर, एवढंच. आमच्या मुलांचे कान इंग्रजी शब्दांनी भरलेले आहेत. लिमिट, पायलट, रोबो, मीटर, स्टुडिओ हे शब्द त्यांनी वाचलेले नसतात, पण शेकडो वेळा ऐकलेले असतात. चुकीचा उच्चार तोंडात आला की कान त्याला दुरुस्त करतो, फक्त तोंडातून आवाज बाहेर पडायला हवा. मनातल्या मनात वाचणाऱ्या माईचे कान इतके दिवस कामालाच लागले नव्हते.

निष्पन्न

वार्षिक परीक्षेपर्यंत साधारण दहा आठवडे मिळाले, तेही सुट्ट्या आणि स्नेहसंमेलन वगळून. माईला प्रश्नपत्रिकेतले शब्द वाचता आले. वेळ जास्त लागला; शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. विज्ञानाचे गुण वाढले, पण तिच्या मेहनतीच्या मानाने थोडे. ट्रान्सपिरेशन त्या वर्षी प्रश्नपत्रिकेत आलंच नाही, याचा तिला राग आला होता.

ज्यावरून मी हे काम जमलं असं मानते ती गोष्ट दहावीच्या जूनमध्ये घडली. श्वसनाच्या धड्यात 'अॅनएरोबिक' हा शब्द आहे. मराठी माध्यमाच्या पुस्तकात त्याला विनॉक्सिश्वसन म्हणतात. माईने पट्टी न घेता, नुसतं बोट ठेवून तो कापला: अॅन, एरो, बिक. बिक म्हणजे बायोचाच भाऊ असणार. एरो म्हणजे हवा, एरोप्लेनमधला. आणि अॅन? ती म्हणाली, "नाही या अर्थाचा. पण 'अ'च पुरे होता, 'अॅन' का?" मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "पुढे स्वर आहे ना. अशक्य, पण अनावश्यक." ग्रीकमध्ये आणि संस्कृतमध्ये हा नियम हुबेहूब सारखा आहे. हे मला बी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं.

त्याच धड्यात तिची पद्धत तोंडावर आपटलीही. 'ग्लायकॉलिसिस' तिने बरोबर तुकड्यांत कापला, ग्लायको आणि लायसिस, म्हणजे साखर आणि फोडणं. अर्थ अचूक, उच्चार 'ग्लायको-लायसिस'. सरांनी दुरुस्त केलं. ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली: तुकडे बरोबर तर उच्चार चूक कसा? थर्मो आणि मीटर जोडले की इंग्रज थर्मॉमिटर म्हणतो, बायो आणि लॉजी जोडले की बायॉलजी. जोर सरकतो आणि त्याच्यामागे स्वर बदलतात. आघाताचा हा भाग मी तिला शिकवलाच नव्हता. 'आधी वाचता येऊ दे, ठसका मागाहून' असं म्हणून पुढे ढकलला होता. तो निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही, पण मी तिला तसं सांगायला हवं होतं. तुकडे अर्थाची हमी देतात, उच्चाराची नाही, हे न सांगितल्यामुळे तिला वाटलं आपणच कुठेतरी चुकलो.

पुन्हा करायचं झालं तर

खोडरबर देणार नाही. मुलाने स्वतःच्या सोयीसाठी शोधलेली पद्धत आधी नीट बघेन आणि तिच्यातच दुरुस्ती करेन. ते पंधरा दिवस मला अजून टोचतात.

दुसरं, तपासणीचा विषय मी फार लवकर बंद केला. देवनागरीत अक्षर आणि आवाज यांचं नातं बरंच सरळ, इंग्रजीत ते वाकडंतिकडं. त्यामुळे वाचनातली जी अडचण मराठीत झाकली जाते ती इंग्रजीत उघडी पडू शकते. मराठी खणखणीत आहे, एवढ्यावरून 'काही नाही' असा निर्वाळा देणं माझं काम नव्हतं. माई आजही वेळेत पेपर पुरा करत नाही. दहावीच्या जुलैमध्ये मी तिच्या आईला शाळेत बोलावलं आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात दाखवून घ्या म्हटलं. आईचा पहिला प्रश्न, "म्हणजे डोक्यात काही आहे का?" समजावून सांगायला तास गेला. हेच बोलणं आदल्या जानेवारीत झालं असतं तर निदान सहा महिने हातात असते.

तिसरं, एकाच मुलीबरोबर बसायला नको होतं. त्या वर्गात देवनागरीची पेन्सिल चालवणारी निदान आठ-दहा पोरं होती. माई दिसली कारण तिचा पेपर सरांनी माझ्यापुढे टाकला. झाडाच्या ट्रान्सपोर्टेशनला हसणाऱ्या त्या मुलाचं पुस्तक मी नंतर चाळलं, तर त्यावर तिच्यापेक्षा जास्त पेन्सिल होती.

यंदा आठवीच्या सेमीला पहिल्या पंधरवड्यात विज्ञानाच्या सरांनी एक तास दिला आहे आणि मराठीच्या सरांनी संधी थोडी आधी घ्यायचं कबूल केलंय. पट्ट्यांचा डबा माईने धाकट्या भावासाठी घरी नेला होता, तो तिच्याकडून मागवून घेतला. बहुतेक पट्ट्यांचे तुकडे झालेत, काही हरवलेत. एक पट्टी अख्खी आहे: अंकल. मागच्या बाजूला माईच्या अक्षरात दोन शब्द, 'कापू नये'.